लघुविमान उड्डाणप्रशिक्षण

लघुविमान उड्डाणप्रशिक्षण म्हणजे एका इंजिनाचे, बहुधा दोन किंवा चार आसनी विमान स्वतंत्रपणे व सुरक्षितपणे चालविण्याचे शिक्षण होय. खासगी वैमानिक, व्यावसायिक वैमानिक आणि पुढे प्रवासी विमानांचे वैमानिक होऊ इच्छिणारे अशा सर्वांची सुरुवात याच शिक्षणाने होते. विमान हवेत उचलणे आणि जमिनीवर टेकविणे हा या शिक्षणाचा केवळ पाया आहे. गजबजलेल्या हवाई क्षेत्रातून वाट काढणे आणि प्रतिकूल हवामान ओळखून त्यापासून दूर राहणे ही त्यातील अधिक अवघड अंगे आहेत. प्रस्तुत लेखात या दोन अंगांचा विशेष विचार केला आहे.

## इतिहास

विमानविद्येच्या आरंभीच्या काळात प्रशिक्षण पद्धतशीर नव्हते. पहिल्या महायुद्धात नवशिके वैमानिक शत्रूच्या गोळीइतकेच प्रशिक्षणातील अपघातांना बळी पडत होते. १९१७ साली ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी इंग्लंडमधील गॉसपोर्ट येथे नवी पद्धत सुरू केली. दुहेरी नियंत्रणे असलेल्या विमानात शिक्षक व विद्यार्थी एकत्र बसत आणि शिक्षक बोलनळीतून सूचना देत असे. धोक्याची स्थिती टाळण्याऐवजी ती शिक्षकाच्या देखरेखीखाली मुद्दाम निर्माण करायची आणि तिच्यातून बाहेर पडण्याचा सराव करायचा, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र होते. आजचे प्रशिक्षणही त्याच सूत्रावर उभे आहे.

१९२९ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी एडविन लिंक यांनी जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणारे यंत्र तयार केले. आजच्या सिम्युलेटरचे ते पूर्वरूप होय. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी अमेरिकी वैमानिक जेम्स डूलिटल यांनी बाहेरचे काहीही न पाहता, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवून पुन्हा उतरविले. ढगात व धुक्यात विमान चालविण्याचे शास्त्र येथून पुढे विकसित झाले.

## प्रशिक्षणविमाने

सेसना १७२ हे जगात सर्वाधिक संख्येने बांधले गेलेले विमान असून त्याची संख्या ४४,००० हून अधिक आहे. पंख वर असलेल्या या चार आसनी विमानाचे पहिले उड्डाण १९५५ साली झाले. त्याचे धाकटे भावंड म्हणजे दोन आसनी सेसना १५२. खाली पंख असलेली पायपर पीए-२८ आणि संमिश्र पदार्थांपासून बनविलेले डायमंड डीए-४० ही विमानेही प्रशिक्षणासाठी वापरली जातात.

सेसना १७२ च्या अलीकडील आवृत्तीचे कमाल उड्डाणवजन सुमारे १,१५७ किलोग्रॅम, म्हणजे एखाद्या मध्यम मोटारगाडीइतके असते. तिचा प्रवासवेग सुमारे १२० नॉट, म्हणजे ताशी २२० किलोमीटरच्या आसपास असतो. हा हलकेपणा व हा वेग या दोन गोष्टींतूनच पुढील बहुतेक अडचणी उद्भवतात. मोठ्या विमानाला जाणवणारही नाही असा वाऱ्याचा झोत लहान विमानाला हेलकावे देतो, आणि मोठ्या विमानांच्या रांगेत शिरल्यावर मागून येणाऱ्यांना ते अतिशय संथ वाटते.

## प्रशिक्षणाचे टप्पे

प्रशिक्षणाचे स्थूलमानाने चार टप्पे पडतात.

१. मूलभूत हाताळणी : सरळ व समतल उड्डाण, चढण, उतरण आणि वळणे. याच टप्प्यात ‘स्टॉल’ ही अवस्था शिकविली जाते. पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन मर्यादेबाहेर वाढला की उत्थापक बल एकाएकी घटते. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही. समतल वळणात पंख ४५ अंश कलल्यास स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी आणि ६० अंश कलल्यास सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. धावपट्टीसमोर येताना शेवटचे वळण चुकले म्हणून कमी उंचीवर व कमी वेगात तीव्र वळण घेणे जीवघेणे ठरते, ते यामुळेच.

२. फेरा : विमानतळाभोवती आयताकृती मार्गाने, बहुधा जमिनीपासून १,००० फूट उंचीवर, वारंवार फेरे घालून उड्डाण व अवतरण घोटून घेतले जाते. धावपट्टीला समांतर पण उलट दिशेचा भाग ‘डाउनविंड’, नंतरचा आडवा भाग ‘बेस’ आणि धावपट्टीच्या रेषेतील शेवटचा भाग ‘फायनल’ या नावांनी ओळखला जातो.

३. एकल उड्डाण : शिक्षक विमानातून उतरतो आणि विद्यार्थी एकटा फेरा पूर्ण करतो.

४. दूरप्रवास : नकाशा, होकायंत्र, घड्याळ व इंधनाचा हिशेब यांच्या आधारे दुसऱ्या विमानतळावर जाऊन परतणे. दिवसाच्या उड्डाणात मुक्कामी पोहोचल्यावरही किमान ३० मिनिटांचे इंधन शिल्लक राहील, असा हिशेब सर्वसाधारणपणे मांडला जातो.

भारतात व अमेरिकेत खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान वय १७ वर्षे आणि किमान ४० तासांचे उड्डाण आवश्यक असते. युरोपात ही मर्यादा ४५ तासांची आहे. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी किमान वय १८ वर्षे आणि २०० तासांचा अनुभव लागतो. हे तास किमान आहेत. प्रत्यक्षात अनेक विद्यार्थ्यांना त्याहून अधिक तास लागतात आणि तसे होणे कमीपणाचे मानले जात नाही.

## गर्दीचे हवाई क्षेत्र

### वर्गीकरण

आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने हवाई क्षेत्राचे ‘ए’ पासून ‘जी’ पर्यंत सात वर्ग केले आहेत. ‘ए’ वर्गात केवळ उपकरण नियमांनुसारच उड्डाण करता येते, तर ‘जी’ वर्गात हवाई वाहतूक नियंत्रण नसते. मधल्या वर्गांत नियंत्रकाची परवानगी, रेडिओ संपर्क आणि विमानांतील अंतर राखण्याची जबाबदारी यांबाबत निरनिराळे नियम आहेत. मोठ्या विमानतळाभोवतीचे नियंत्रित क्षेत्र काही ठिकाणी पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले असते : विमानतळाजवळ ते जमिनीपर्यंत येते आणि दूर जावे तसा त्याचा तळ वर सरकत जातो. कोणत्या ठिकाणी कोणत्या उंचीखाली राहिल्यास परवानगी लागत नाही, हे विद्यार्थ्याला नकाशावरून अचूक सांगता यावे लागते.

### पाहा आणि टाळा

दृश्य नियमांनुसार उडणाऱ्या वैमानिकावर इतर विमाने डोळ्यांनी शोधून टाळण्याची जबाबदारी असते. समोरासमोर येणाऱ्या दोन्ही विमानांनी उजवीकडे वळावे. मार्ग एकमेकांना छेदत असल्यास ज्याच्या उजव्या बाजूला दुसरे विमान आहे त्याने वाट द्यावी. मागून पुढे जाणाऱ्याने उजवीकडून जावे, असे नियम आहेत.

मात्र डोळ्यांची मर्यादा मोठी आहे. प्रत्येकी १२० नॉट वेगाने समोरासमोर येणारी दोन विमाने सेकंदाला सुमारे १२० मीटर या गतीने एकमेकांजवळ येतात, म्हणजेच दीड किलोमीटरचे अंतर बारा सेकंदांत संपते. दुसरे विमान दिसणे, धोका ओळखणे, निर्णय घेणे आणि विमान प्रत्यक्ष वळणे यांस मिळून सुमारे साडेबारा सेकंद लागतात, असे अमेरिकी नागरी उड्डयन प्रशासनाचे मार्गदर्शन सांगते. त्यातच धडकेच्या मार्गावर असलेले विमान काचेत एकाच जागी स्थिर दिसते. ते सरकत नसल्यामुळे नजरेला खटकत नाही. यासाठी आकाशाचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक भागावर क्षणभर नजर स्थिरावण्याची सवय विद्यार्थ्याला लावली जाते.

### रेडिओ संभाषण

अनेक विद्यार्थ्यांना विमान चालविण्यापेक्षा रेडिओवर बोलण्याचीच भीती अधिक वाटते. संभाषणाचा साचा ठरलेला असतो : कोणाला उद्देशून, कोण बोलत आहे, कोठे आहे आणि काय हवे आहे. धावपट्टीवर प्रवेश, अवतरणाची परवानगी, उंची यांसारख्या सूचना वैमानिकाने शब्दशः परत उच्चाराव्या लागतात. सूचना समजली नसेल तर ती पुन्हा विचारणे हे कर्तव्य मानले जाते. अंदाजाने होकार देणे हा गंभीर दोष समजला जातो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रेडिओवरील इंग्रजीचे किमान चौथ्या स्तराचे ज्ञान आवश्यक असते.

ट्रान्सपाँडर हे उपकरण विमानाची ओळख व उंची रडारला कळविते. त्यावरील ७७०० हा संकेत आणीबाणीसाठी, ७६०० रेडिओ बंद पडल्यास आणि ७५०० अपहरणासाठी राखीव आहे. कामाचा ताण वाढला असता कशाला अग्रक्रम द्यायचा, याचाही क्रम ठरलेला आहे : आधी विमान सांभाळायचे, नंतर दिशा, आणि सर्वांत शेवटी संभाषण.

### मोठ्या विमानांचा भोवरा

प्रत्येक विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन भोवरे मागे सुटतात व हळूहळू खाली उतरतात. विमान जितके जड, संथ आणि फ्लॅप मिटलेले, तितके हे भोवरे प्रबळ. त्यात सापडलेले लहान विमान उलटू शकते. म्हणून अवतरणाच्या मार्गावर १३६ टन किंवा त्याहून जड विमानामागे लहान विमानाने किमान ६ सागरी मैल आणि मध्यम वजनाच्या विमानामागे ५ सागरी मैल अंतर ठेवावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ज्या वेळी हे अंतर राखण्याची जबाबदारी वैमानिकावर येते, त्या वेळी त्याने पुढील विमानाच्या मार्गाच्या वरून जावे आणि ते जेथे टेकले त्याच्या पुढे टेकावे, असे शिकविले जाते.

### दोन दुर्घटना

२५ सप्टेंबर १९७८ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो येथे बोइंग ७२७ जातीचे प्रवासी विमान आणि प्रशिक्षण उड्डाणावरील सेसना १७२ यांची हवेत टक्कर होऊन जमिनीवरील सात जणांसह १४४ जण मृत्युमुखी पडले. प्रवासी विमानाच्या वैमानिकांना सेसनाची सूचना मिळाली होती. परंतु ते नजरेआड झाल्यावर आपण त्याला ओलांडून पुढे आलो असा त्यांचा समज झाला. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसजवळील सेरिटोस येथे परवानगीविना नियंत्रित क्षेत्रात शिरलेले पायपर विमान व एक डीसी-९ विमान यांची टक्कर होऊन ८२ जणांचा मृत्यू झाला. या घटनांनंतर अमेरिकेत गर्दीच्या क्षेत्रात उंची कळविणारे ट्रान्सपाँडर आणि प्रवासी विमानांत टक्करप्रतिबंधक यंत्रणा बंधनकारक करण्यात आली.

## प्रतिकूल हवामान

### दृश्य नियमांची मर्यादा

केवळ बाहेर पाहून उडणाऱ्या वैमानिकासाठी दृश्यमानता आणि ढगांपासूनचे अंतर यांच्या किमान मर्यादा ठरलेल्या आहेत. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार १०,००० फुटांखाली, सर्वसाधारणपणे, दृश्यमानता ५ किलोमीटर असावी आणि ढगांपासून आडवे १,५०० मीटर व उभे ३०० मीटर अंतर राखावे. भारतात सूर्यास्तानंतर दृश्य नियमांनुसार उड्डाणास सामान्यतः मनाई आहे. उड्डाण क्लबांच्या स्थानिक व प्रशिक्षण उड्डाणांना नियंत्रक सूट देऊ शकतो.

### दिशाभ्रम

नवशिक्या वैमानिकाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे अनवधानाने ढगात शिरणे. तोल सांभाळणारी आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांची यंत्रणा जमिनीवर विश्वासार्ह असते. हवेत तसे राहत नाही. एकाच गतीने वळण चालू राहिले तर काही वेळाने नलिकांतील द्रव स्थिरावतो आणि वळणाची जाणीवच नाहीशी होते. मग वैमानिकाने विमान सरळ केले की उलट दिशेला वळल्याचा भास होतो व तो पुन्हा मूळ वळणात जातो. उंची कमी होत असल्याचे पाहून तो विमानाचे नाक वर ओढतो. परंतु पंख कललेले असल्यामुळे वळण अधिकच आवळत जाते.

१९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात याविषयी प्रयोग झाला. उपकरणांचे प्रशिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना कृत्रिमरीत्या ढगासारख्या स्थितीत, शिक्षकाच्या देखरेखीखाली उडविण्यात आले. सर्वांचेच नियंत्रण सुटले. कोणाचे २० सेकंदांत, कोणाचे ४८० सेकंदांत. सरासरी काळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून थोडा कमी भरला. वैमानिक धीट आहे की भित्रा, याने फरक पडत नाही. मानवी देहाचीच ही मर्यादा आहे, हा या प्रयोगाचा बोध होय.

अशा वेळी शिकविला जाणारा उपाय साधा आहे. शरीराच्या संवेदनेवर विश्वास न ठेवता कृत्रिम क्षितिज या उपकरणाकडे पाहून पंख समतल करावेत. नंतर सेकंदाला ३ अंश या सौम्य गतीने वळून एका मिनिटात १८० अंश फिरावे आणि ज्या स्वच्छ हवेतून आलो तेथे परतावे. अमेरिकेत खासगी परवान्यासाठी असे उपकरणाधारित उड्डाण किमान ३ तास करावे लागते. या काळात विद्यार्थ्याला बाहेरचे दिसू नये म्हणून डोळ्यांवर विशेष झडप बांधतात.

१६ जुलै १९९९ रोजी जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचे पायपर साराटोगा विमान रात्रीच्या धूसर हवेत मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळून त्यांच्यासह तिघे मृत्यू पावले. चौकशी यंत्रणेने दिशाभ्रमामुळे नियंत्रण सुटल्याचा निष्कर्ष काढला. ढगात न शिरताही, पाणी व आकाश यांना विभागणारे क्षितिज दिसेनासे झाले की तीच अवस्था ओढवते, हे या अपघाताने दाखवून दिले.

### आडवा वारा

वारा धावपट्टीच्या रेषेत क्वचितच वाहतो. धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करून २० नॉट वारा वाहत असेल तर त्याचा आडवा घटक १० नॉट भरतो. सेसना १७२ साठी चाचणीत सिद्ध झालेला आडवा घटक १५ नॉट आहे; विद्यार्थ्यासाठी शिक्षक याहून पुष्कळ कमी मर्यादा घालून देतो. उतरताना विमानाचे नाक वाऱ्याकडे तिरके ठेवून यावे आणि टेकण्यापूर्वी वाऱ्याकडील पंख किंचित खाली व सुकाणू विरुद्ध बाजूला दाबून विमान धावपट्टीशी सरळ करावे, ही रीत घोटून घेतली जाते. मनासारखे जुळले नाही तर पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जाणे यालाच उत्तम निर्णय मानतात.

### उष्णता

हवा तापली की विरळ होते. पंखांचे उत्थापक बल, पंख्याची ओढ आणि इंजिनाची शक्ती ही तिन्ही घटतात. समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फूट उंचीवरील पुण्याचे तापमान ४० अंश सेल्सियस असेल, तर त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा ते सुमारे २९ अंशांनी अधिक असते. प्रत्येक अंशामागे सुमारे १२० फूट धरल्यास विमानाच्या दृष्टीने तेथील हवा सुमारे ५,४०० फुटांवरच्या हवेइतकी, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावरील हवेइतकी, विरळ ठरते. परिणामी धावपट्टीवर अधिक धावावे लागते आणि चढण मंद होते. विदर्भ व मराठवाड्यात उन्हाळ्यातील सराव शक्यतो सकाळी उरकणे इष्ट ठरते, ते यामुळे व दुपारच्या उफाळत्या हवेमुळे.

### पावसाळा व वादळे

मार्च ते मे या काळात दुपारनंतर उठणारी गडगडाटी वादळे आणि जून ते सप्टेंबर हा नैर्ऋत्य मोसमी पाऊस यांचे स्वरूप भिन्न आहे. वळिवाच्या क्युम्युलोनिम्बस ढगाखाली हवेचा प्रचंड झोत जमिनीवर आदळून चहूकडे पसरतो. त्यात शिरणाऱ्या विमानाला आधी समोरचा व लगेच मागचा वारा लागून त्याचा हवेतील वेग अकस्मात घटतो. तीव्र वादळापासून किमान २० मैल दूर राहावे, असा अमेरिकी नागरी उड्डयन प्रशासनाचा सल्ला आहे. मोसमी पावसात वादळांपेक्षा खाली उतरलेले ढग अधिक घातक ठरतात. कोकणातून घाटाकडे जाताना ढगांचा पायथा तेवढाच राहतो, पण जमीन वर येत जाते आणि सह्याद्रीचे माथे ढगात लपतात. ढगाखालून वाट काढत दरीत शिरलेल्या विमानाला वळायलाही जागा उरत नाही.

याशिवाय उंचीमापकात स्थानिक हवेचा दाब नोंदविणे विसरू नये. एका हेक्टोपास्कलच्या चुकीने सुमारे ३० फुटांचा फरक पडतो. कमी दाबाच्या प्रदेशात गेल्यावर नोंद न बदलल्यास विमान उपकरण दाखविते त्याहून खाली असते.

## निर्णयक्षमता

हवामानाविषयीच्या अनेक अपघातांच्या मुळाशी पोहोचण्याची घाई आढळते. म्हणून कायद्याच्या मर्यादांहून अधिक कडक अशा स्वतःच्या मर्यादा वैमानिकाने उड्डाणापूर्वी, जमिनीवर असतानाच, लिहून काढाव्यात असा आग्रह धरला जातो. दृश्यमानता, ढगांचा पायथा, आडवा वारा व इंधन यांचे आकडे आधीच ठरलेले असले की हवेत मनाशी वाटाघाटी करण्याची वेळ येत नाही. विमानतळांवरील हवामानाचे वृत्त व अंदाज भारतात भारत हवामानशास्त्र विभाग पुरवितो.

प्रशिक्षण शांत विमानतळावर घ्यावे की गजबजलेल्या, याबाबत मतभेद आहेत. शांत तळावर एका तासात अनेक फेरे होतात. मोठ्या तळावर रांगेत थांबण्यात वेळ व पैसा खर्च होतो, कारण भाडे सामान्यतः इंजिन चालू असलेल्या वेळेवर आकारले जाते. उलटपक्षी, गर्दीत शिकलेल्याला रेडिओ व शिस्त यांची सवय लवकर होते. पायाभूत शिक्षण शांत तळावर व नंतर शिक्षकासह गर्दीच्या क्षेत्रात फेऱ्या, असा मध्यम मार्ग दोन्हींचे लाभ देतो.

## भारत व महाराष्ट्र

मुंबईचे जुहू विमानतळ १९२८ साली सुरू झाले आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबचे कार्य तेथेच सुरू झाले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. पावसाळ्यात जुहूचे मैदान वापरण्याजोगे राहत नसे. तेव्हा टपालविमाने पुण्यातील येरवडा येथून ये-जा करीत. १९३६ साली सरला ठकराल यांनी लाहोर येथे जिप्सी मॉथ विमानातून एकल उड्डाण केले.

जुहू व सांताक्रूझ ही विमानतळे अगदी जवळ असून त्यांच्या मुख्य धावपट्ट्यांची दिशाही जवळपास सारखी आहे. यामुळे १९५३ साली एक कॉमेट आणि २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे एक डीसी-८ विमान सांताक्रूझऐवजी चुकून जुहूवर उतरले. दाट हवाई क्षेत्रात धावपट्टी ओळखण्याची चूक अनुभवी वैमानिकांकडूनही होते, याचे हे उदाहरण होय. वाढत्या वाहतुकीमुळे जुहू आता प्रामुख्याने हेलिकॉप्टरसाठी वापरले जाते. क्लबचे उड्डाणप्रशिक्षण धुळे येथे हलविण्यात आले. राज्यात गोंदिया, बारामती आदी ठिकाणीही प्रशिक्षणकेंद्रे आहेत. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी ही केंद्र शासनाची प्रमुख संस्था होय.

परवाने नागरी विमानवाहतूक महासंचालनालय देते. रेडिओ संभाषणाचे प्रमाणपत्र पूर्वी दूरसंचार विभाग देत असे. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ अन्वये ते कामही महासंचालनालयाकडे सोपविण्यात आले.

## हे सुद्धा पहा

* हवाई वाहतूक नियंत्रण
* जुहू विमानतळ
* जे. आर. डी. टाटा
* सेसना १७२
* मोसमी वारे